एका फ्लॅशचे व्यक्तिचित्र

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाचेत बसणारा, चार पेन्सिल सेलवर चालणारा आणि खांद्यावरच्या पिशवीत सहज मावणारा सुटा फ्लॅश हे छायाचित्रकाराच्या सामानातले सर्वांत बदनाम उपकरण असावे, आणि ही बदनामी निराधार नाही. त्याच्या उजेडात घेतलेल्या व्यक्तिचित्रात कपाळ आणि नाकाचा शेंडा तुकतुकीत पांढरा पडतो, गाल सपाट होतात, मागच्या भिंतीवर डोक्याची काळी, धारदार कडेची सावली उमटते आणि कित्येकदा डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसतात. मात्र यातले बहुतेक दोष फ्लॅश जिथे बसवला जातो त्या जागेमुळे निर्माण होतात. भिंगाला लागूनच निघालेला उजेड, कॅमेरा ज्या दिशेने पाहतो त्याच दिशेने चेहऱ्यावर पडत असल्याने नाक, गालफडे आणि हनुवटी यांच्या सावल्या त्या त्या अवयवांमागे दडून राहतात आणि चेहऱ्याचा उठाव नाहीसा होतो; बाहुलीतून आत शिरलेला उजेड डोळ्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून जवळजवळ आल्या वाटेनेच परत फिरून भिंगात येतो, म्हणून बाहुली लाल दिसते. तोच फ्लॅश खाचेतून काढून हात-दीड हात बाजूला आणि थोडा वर धरला, तर यांपैकी बऱ्याच तक्रारी तिथल्या तिथे मिटतात.

एकाच दिव्यावर व्यक्तिचित्र घेणे म्हणजे साधनांच्या टंचाईत केलेली तडजोड, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. माणसाच्या नजरेला जन्मापासून सवय असते ती एकाच सूर्याची, म्हणजे वरून आणि थोड्या बाजूने येणाऱ्या एका उजेडाची व त्याने पडणाऱ्या एका सावलीची. नाकाच्या दोन बाजूंना दोन सावल्या पडलेला चेहरा पाहणाऱ्याला कारण न कळताही खटकतो. चार-चार दिवे लावलेल्या स्टुडिओतसुद्धा चेहरा घडवण्याचे काम एकच मुख्य दिवा करतो आणि उरलेले दिवे त्याने टाकलेली सावली थोडी उजळणे, केसांची कड उठवणे, पार्श्वभूमी पुसटशी दाखवणे अशी दुरुस्तीची कामे करतात. ही दुरुस्ती भिंत, पांढरा पुठ्ठा, खिडकी किंवा मावळता सूर्य यांच्याकडून करून घेता येत असेल, तर एक फ्लॅश पुरतो.

छायाचित्रणात झटक्यासरशी पडणारा उजेड आला तो स्फोटाच्या रूपाने. १८८७ साली जर्मनीत अडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून पेट घेताच लख्ख उजळणारी पूड तयार केली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधील अंधाऱ्या खोल्यांचे जे चित्रण जेकब रीस यांनी १८९० मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे मांडले, ते या पुडीशिवाय शक्य नव्हते. मात्र ती धूर करी, कधी आग लावी आणि हाताळणाऱ्याला भाजून काढी. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच बंद काचेच्या गोळ्यात धातूचा वर्ख जाळणारा फ्लॅशबल्ब बाजारात आला आणि धोका पुष्कळ कमी झाला, पण प्रत्येक बल्ब एकदाच पेटत असल्याने प्रत्येक चित्राची किंमत मोजावी लागे. १९४६ मध्ये छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चरख्यासह छायाचित्र घेण्यास आल्या, तेव्हा गांधीजींना हा झगझगाट नकोसा असल्याने बर्क-व्हाइट यांना मोजून तीन बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या आठवणींनुसार पहिले दोन वाया गेले आणि तिसऱ्याने काम केले. आजचा छायाचित्रकार एका संध्याकाळी शेकडो वेळा फ्लॅश उडवतो आणि पडद्यावर लगेच निकाल पाहतो, हे त्या तीन बल्बांच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे चुकत शिकण्याची केवढी मोकळीक त्याला मिळाली आहे ते ध्यानात येते.

ही मोकळीक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने दिली, आणि त्यामागे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात केलेले काम आहे. अशा फ्लॅशमध्ये सेलचा जेमतेम सहा व्होल्टचा दाब सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवून कपॅसिटर नावाच्या, विद्युतभार साठवणाऱ्या घटकात जमा केला जातो. शटरचा इशारा मिळताच झेनॉन वायूने भरलेल्या काचेच्या नळीला काही हजार व्होल्टचा क्षणिक धक्का बसतो, वायू विजेचा वाहक बनतो आणि साठवलेला सगळा भार त्यातून वाहून जाताना पांढरा लखलखाट होतो. पूर्ण शक्तीला हा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. शक्ती अर्धी, पाव, अशी घटवत १/१२८ पर्यंत नेली की उजेड मंद होत नाही, तो लवकर तोडला जातो, आणि अगदी कमी शक्तीला त्याचा अवधी सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाहूनही लहान होऊ शकतो. हा उच्च दाब सेल काढल्यानंतरही काही काळ आत राहतो, म्हणून बंद पडलेला फ्लॅश घरी उघडून पाहणे जिवावर बेतू शकते.

लखलखाटाचा हा अत्यल्प अवधी हेच एका फ्लॅशच्या तंत्राचे मर्म आहे. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतके उघडे राहिले काय किंवा दोनशेव्या भागाइतके, फ्लॅश त्या मुदतीत केव्हाच उडून विझलेला असतो. त्यामुळे चेहऱ्यावरच्या फ्लॅशच्या उजेडाला शटरचा वेग काही करू शकत नाही. आकाश, रस्त्यावरचे दिवे, खोलीतला बल्ब यांचा आजूबाजूचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडे तितका साचत जातो. भिंगातले छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि संवेदनशीलता दर्शवणारा आयएसओ हे दोन्ही उजेडांना सारखेच लागू होतात. याचा अर्थ असा, की फ्लॅश लावून घेतलेले प्रत्येक छायाचित्र म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन छायाचित्रे असतात, एक परिसराचे आणि एक फ्लॅशचे, आणि या दोहोंचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येते. संध्याकाळी गच्चीवर एफ/४, आयएसओ ४०० आणि १/६० सेकंद या मापांवर आकाश डोळ्याला दिसते तितकेच उजळ येत असेल, तर शटर १/१२५ वर नेताच आकाश एका स्टॉपने काळवंडते, म्हणजे त्याचा उजेड निम्मा होतो, आणि चेहरा जवळजवळ होता तसाच राहतो. बहुतेक नवशिके आधी फ्लॅश चालू करतात आणि मग परिसराचा विचार करतात. क्रम उलटा असावा. फ्लॅश बंद ठेवून मागचे दृश्य हवे तितके गडद येईपर्यंत मापे जुळवावीत आणि त्यानंतरच चेहऱ्यापुरता फ्लॅश त्यात भरावा.

शटरच्या वेगाला वरची एक मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये एकामागून एक धावणारे दोन पडदे असतात: पहिला उघडतो, दुसरा झाकतो. एका ठरावीक वेगापर्यंत, जो सहसा १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो, पहिला पडदा पूर्ण उघडल्यावर आणि दुसरा निघण्यापूर्वी सगळी चौकट क्षणभर मोकळी असते. या कमाल वेगाला सिंक वेग म्हणतात. त्याहून जलद वेगाला दुसरा पडदा आधीच निघालेला असल्याने चौकटीवरून केवळ एक फट सरकत जाते, आणि त्या वेळी उडालेला फ्लॅश चित्राच्या एका भागावरच पडून उरलेल्या भागात काळा पट्टा राहतो. भर दुपारी ही मर्यादा जाचते. आयएसओ १०० ला स्वच्छ उन्हाचे माप साधारण एफ/१६ आणि १/१२५ येते, म्हणजे १/२५० वर एफ/११. इतक्या लहान छिद्राने मागचे झाड, खांब, माणसे सगळी स्पष्ट दिसू लागतात. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/२.८ हवे असेल तर शटर १/४००० वर न्यावे लागते. अशा वेळी काही फ्लॅश सरकत्या फटीच्या पूर्ण प्रवासात अतिजलद स्पंदने सोडत राहतात. या सोयीला हाय-स्पीड सिंक म्हणतात, मात्र तिच्यात फ्लॅशची पुष्कळ शक्ती खर्ची पडते आणि लहान फ्लॅशला उन्हाशी झुंजताना तीच शक्ती अपुरी असते.

शक्तीचा हिशेब गाइड नंबर या आकड्याने मांडला जातो. आयएसओ १०० ला फ्लॅशचे मीटरमधील अंतर आणि छिद्राचा क्रमांक यांचा गुणाकार या आकड्याइतका आला की उजेड योग्य पडतो. म्हणजे ३६ गाइड नंबरचा फ्लॅश एफ/८ ला साडेचार मीटरपर्यंत पुरतो. जाहिरातींत ६० सारखे आकडे झळकतात ते फ्लॅशच्या डोक्यातील भिंग सर्वांत अरुंद झोताला, अनेकदा २०० मिलिमीटरला, नेऊन मोजलेले असतात, त्यामुळे त्यांवर फार विसंबू नये. उन्हाला पाठ करून उभ्या केलेल्या माणसाचा चेहरा एफ/११ वर उजळायचा असेल तर ३६ गाइड नंबरचा उघडा फ्लॅश सव्वातीन मीटरवरून ते काम करील, परंतु समोर उजेड पसरवणारी पांढरी छत्री लावली आणि तिने दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड खाल्ला, तर तोच फ्लॅश दीड-पावणेदोन मीटरपर्यंत पुढे आणावा लागेल. तेथे सूर्य केसांची कड उजळतो आणि फ्लॅश चेहरा घडवतो; दुसरा दिवा फुकट मिळतो तो असा.

अंतराचा प्रश्न मात्र केवळ शक्तीपुरता नाही. एका बिंदूतून पसरणाऱ्या उजेडाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो. शाळेत पाठ केलेला हा नियम व्यक्तिचित्रात थेट रंगसंगती ठरवतो. पांढऱ्या भिंतीपुढे एक मीटरवर माणूस उभा आहे आणि फ्लॅश त्याच्यापासून एक मीटरवर आहे असे समजले, तर भिंत फ्लॅशपासून दोन मीटरवर असल्याने तिला चेहऱ्याच्या पाव हिस्सा उजेड मिळतो आणि ती करडी दिसते. फ्लॅश मागे नेऊन तीन मीटरवर ठेवला तर भिंत चार मीटरवर येते, तिला चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडा अधिक उजेड मिळतो आणि ती बरीच उजळ दिसते. भिंत तीच, माणूस त्याच जागी, चेहऱ्यावरचा उजेडही शक्ती वाढवून तितकाच राखलेला, आणि तरी पार्श्वभूमीची छटा निराळी. एका फ्लॅशवर काम करणाऱ्याला पार्श्वभूमीसाठी वेगळा दिवा नसतो. त्याच्याजवळ हे अंतर असते, आणि ते पुष्कळ असते. त्याच नियमामुळे फ्लॅश अगदी जवळ आणला की शेजारी उभ्या दोघांपैकी जवळचा माणूस भाजल्यासारखा पांढरा आणि दूरचा अंधारात, असा पंक्तिप्रपंच घडतो.

उजेड मऊ की कठोर, हे फ्लॅशच्या शक्तीवर अवलंबून नसते. चेहऱ्याच्या जागेवरून दिवा केवढा दिसतो यावर ते ठरते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर असला तरी १५ कोटी किलोमीटरवरून तो केवळ अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून दुपारच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या असतात. सात सेंटिमीटर रुंदीचे फ्लॅशचे उघडे तोंड दोन मीटरवरून दोन अंशांचे, म्हणजे तेही लहानच. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, अर्थात आतून चकचकीत आणि समोर पांढरे कापड ताणलेली पेटी, चेहऱ्यापासून एक मीटरवर आणली तर ती सुमारे ३३ अंश व्यापते. तिच्या एका कडेचा उजेड नाकाच्या सावलीत शिरतो आणि सावलीची कड हळूहळू विरत जाते. तीच पेटी सहा मीटरवर नेली की सहा अंशांहूनही लहान होते आणि तिच्यावर केलेला खर्च जवळपास वाया जातो. दूर लावलेल्या प्रचंड छत्रीपेक्षा चौकटीच्या कडेला चिकटेल इतकी जवळ आणलेली लहान छत्री चेहऱ्याला अधिक मानवते, आणि ही गोष्ट सामान विकत घेण्याआधी कळलेली बरी.

छत्रीही नसेल तर छत असते. फ्लॅशचे डोके वळवून उजेड पांढऱ्या छतावर किंवा बाजूच्या भिंतीवर मारला की तो सगळा पृष्ठभागच दिवा होतो. छतावरून येणारा उजेड थेट वरून पडल्यास डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, म्हणून बाजूच्या भिंतीवरून मारा करणे व्यक्तिचित्रासाठी बहुधा अधिक चांगले. अट एकच, की पृष्ठभाग पांढरा असावा. लग्नमांडवाच्या लाल किंवा पिवळ्या कापडावर उडवलेला फ्लॅश वधूवरांना त्याच रंगात बुडवून परत येतो आणि तो रंग नंतर संगणकावर पुसताना नववधूच्या शालूचा मूळ रंगही हातचा जातो.

दिशा ठरवताना नजर नाकाच्या सावलीवर ठेवावी. फ्लॅश चेहऱ्यापासून सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून वर असला की ही सावली ओठांच्या कोपऱ्याकडे तिरपी उतरते आणि बहुतेक चेहऱ्यांना ती शोभते. फ्लॅश आणखी बाजूला व वर नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण तेवढा उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड वारंवार आढळत असल्याने छायाचित्रकार या मांडणीला त्यांचेच नाव देतात. फ्लॅश नाकाच्या सरळ रेषेत वर ठेवला तर नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची सावली पडते, गालफडे उठून दिसतात, आणि १९३० च्या दशकातील हॉलिवुडच्या तारकांच्या चित्रांत हीच मांडणी आवडीने वापरली गेली. कोणतीही मांडणी असो, दोन्ही डोळ्यांत दिव्याचे लहानसे प्रतिबिंब दिसले पाहिजे. ते नसलेला डोळा निर्जीव वाटतो. चष्म्याच्या काचेवर मात्र हेच प्रतिबिंब घात करते, आणि उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परावर्तित होतो या साध्या नियमाने त्यावर उपाय निघतो: फ्लॅश वर चढवावा, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात.

सावळ्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते, कारण मराठी लग्नांच्या अल्बमांत तिची उपेक्षा सर्रास दिसते. गोरे दाखवण्याच्या हौसेपायी फ्लॅश एक-दीड स्टॉप जादा दिला की वर्णाबरोबर चेहऱ्याची ठेवणही धुऊन निघते आणि नथीच्या मोत्यांपासून जरीच्या काठापर्यंत सगळे पांढरे ठिपके होऊन बसते. सावळी कांती उठते ती त्वचेवरच्या तकाकीमुळे, आणि ही तकाकी म्हणजे दिव्याचेच पसरट प्रतिबिंब असल्याने दिवा मोठा व बाजूला असला की ती गालाच्या वळणावर सावकाश सरकते. लहान उघड्या फ्लॅशखाली तीच तकाकी घामासारखी चमकते.

सावलीची बाजू किती गडद ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ती उजळण्यासाठी चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पत्रा किंवा पांढरा पुठ्ठा धरला की पुरते. तो जितका जवळ तितकी सावली फिकी.

फ्लॅशची शक्ती कॅमेऱ्याने ठरवावी की माणसाने, याबाबत मतभेद आहेत. भिंगातून येणारा उजेड मोजून फ्लॅश आपोआप तोडण्याची टीटीएल ही पद्धत १९७५ च्या ऑलिम्पस ओएम-२ या कॅमेऱ्याने रुळवली. आजचे कॅमेरे चित्र घेण्याच्या क्षणभर आधी एक क्षीण चमक सोडून तिच्या परतलेल्या उजेडावरून हिशेब करतात. हा हिशेब समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, म्हणून काळ्या शेरवानीतल्या नवरदेवाचा चेहरा जादा उजळतो आणि पांढऱ्या साडीतल्या आजीबाईंचा काळवंडतो. माणसे आणि अंतरे सतत बदलणाऱ्या समारंभात ही पद्धत सोयीची आहे. बसवून घेतलेल्या व्यक्तिचित्रात अंतर बदलत नसल्याने शक्ती हाताने एकदा, समजा १/८ वर, ठरवली की पुढची सगळी चित्रे सारख्या उजेडात येतात, आणि कमी शक्तीमुळे फ्लॅश पुढच्या चित्रासाठी तत्काळ तयार होतो.

रंगाचा मुद्दा घरातील पिवळ्या दिव्यांच्या संदर्भात येतो. फ्लॅशचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळचे असते, तर तारेच्या बल्बचे २८०० च्या आसपास. त्यामुळे चेहरा नैसर्गिक आला तर मागची खोली नारिंगी येते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी पारदर्शक कागद, ज्याला जेल म्हणतात, लावला आणि कॅमेऱ्याचा श्वेतसमतोल बल्बच्या उजेडावर ठेवला की दोन्ही उजेड जुळतात. हीच युक्ती सूर्यास्तानंतर समुद्रकिनारी केली तर चेहरा नैसर्गिक राहून मागचे आकाश गडद निळे होते.

एक फ्लॅश खरोखर अपुरा पडतो तो समूहचित्रात. दोन रांगांत दहा-बारा माणसे उभी असली की बाजूला ठेवलेला फ्लॅश एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी उजेड देतो, पुढच्या रांगेच्या डोक्यांच्या सावल्या मागच्या रांगेच्या चेहऱ्यांवर टाकतो, आणि जवळ आणलेल्या लहान छत्रीचा मऊपणा इथे मिळवता येत नाही. अशा वेळी फ्लॅश दूर, उंच आणि कॅमेऱ्याच्या रेषेत न्यावा, किंवा छायाचित्रकाराच्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर पूर्ण शक्तीने उडवावा. उजेड सर्वांना सारखा मिळतो. चेहऱ्यांचा उठाव कमी होतो, परंतु समूहचित्रात ज्याला त्याला आपला चेहरा स्पष्ट हवा असतो, उठावाबद्दल सहसा कोणी विचारत नाही.